सातशे लिटर पाण्याखाली अडलेली विहीर: एका गॅसविहिरीचा प्रकरण अभ्यास

फायलीत या विहिरीवरचा शेवटचा शेरा असा होता: "साठा संपत आला आहे. विहीर बंद करण्यास हरकत नाही." शेरा चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे दाखवणारी सगळी माहिती, म्हणजे दाबाच्या दैनंदिन नोंदी, ट्युबिंगचा (गॅस वर आणणाऱ्या आतल्या नळीचा) व्यास आणि पाण्याची मोजमापे, त्याच फायलीत चार पाने मागे पडून होती. त्यामुळे दुरुस्ती कशी झाली याच्याबरोबरच निदान का चुकले तेही इथे लिहितो आहे. जुन्या गॅसविहिरी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ही अवस्था आज ना उद्या भेटते. तिला साठा संपल्याचे नाव देऊन मोकळे झाले की जमिनीखालचा चांगला गॅस कायमचा तिथेच राहतो.

विहीर कुठली, याला इथे महत्त्व नाही. हिशेब कागद-पेन्सिलीने पडताळता यावा म्हणून आकडे ठोकळ केले आहेत. सगळे दाब निरपेक्ष आहेत, म्हणजे वातावरणाचा सुमारे एक बार त्यात धरलेला आहे.

विहीर आणि तिची तक्रार

विहीर उभी, २,४०० मीटर खोल. बाहेर विहिरीला आधार देणारी साडेपाच इंची नळी, म्हणजे केसिंग, आत २⅞ इंची ट्युबिंग, तिचा आतला व्यास ६२ मिलिमीटर. दोन्ही नळ्यांमधली फट बंद करणारे बूच, म्हणजे पॅकर, बसवलेला नव्हता. त्यामुळे केसिंग आणि ट्युबिंग यांच्यामधली पोकळी, म्हणजे अ‍ॅन्युलस, खालच्या बाजूला उघडी होती आणि तिच्यात गॅस साठत होता. ट्युबिंगचे टोक परफोरेशनच्या, म्हणजे गॅस आत येण्यासाठी केसिंगला पाडलेल्या छिद्रांच्या, पातळीला पोहोचलेले होते. या दोन गोष्टी पुढे फार कामाला आल्या.

सुरुवातीच्या काळात विहीर दिवसाला ६०,००० घनमीटर गॅस देत होती. साठ्याचा दाब उतरत गेला तसे उत्पादनही उतरले, आणि लॉग (लॉगॅरिदमिक) कागदावर त्याची उतरती रेघ कित्येक वर्षे जवळपास सरळ होती. त्या रेघेप्रमाणे आता १४,००० च्या आसपास उत्पादन अपेक्षित होते. प्रत्यक्षात सरासरी ७,५०० मिळत होते, तेही एकसारखे नाही. गॅसच्या मीटरचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा झाला होता. मध्येच उसळी, मग कित्येक तास मरगळ. सेपरेटरमध्ये, म्हणजे गॅस आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीत, पाणी कधी भसकन येई, तर कधी दिवसभर थेंब नाही.

रेघ मोडली तो दिवस नोंदींमध्ये नेमका सापडला. पाइपलाइनच्या कामासाठी विहीर चार दिवस बंद ठेवली होती. उघडल्यावर तिने थोडा वेळ जोर दाखवला आणि बसली. तिथून पुढे ती कधीच मूळ रेघेवर आली नाही. साठा एका आठवड्यात निम्म्यावर येत नसतो. आलेखात असा अचानक कडा दिसला की साठ्याकडे बोट दाखवण्याआधी नळीत काय झाले ते पाहावे.

यावरचा तोवरचा उपाय म्हणजे विहीर हवेत सोडणे. काही तास बंद ठेवायची, दाब चढू द्यायचा, मग सेपरेटरला वळसा घालून थेट वातावरणात उघडायची. पाणी उसळून बाहेर पडे आणि विहीर तीन-चार दिवस बरी चाले, मग पुन्हा तेच. दर वेळी हजार घनमीटरच्या घरात गॅस हवेत जात असे. मिथेन हा २० वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवणारा वायू आहे. वाया जाणाऱ्या गॅसचा हिशेब सोडला तरी, पेटत्या ठिणगीच्या शक्यतेसह उघड्यावर गॅस सोडणे ही कुणाच्याही माथी मारावी अशी नोकरी नव्हे. पाळीवरची माणसे हे रात्री-बेरात्री करत होती. त्यांच्या वहीतली "सोडली, पाणी आले, चालू" ही नोंद इतक्या वेळा आहे की खरे निदान त्यांनीच केले होते असे मी म्हणेन. पाणी काढले की विहीर चालते, हे त्यांनी लिहून ठेवले होते. वाचले कुणी नव्हते.

पाणी का साचते

गॅसच्या जवळपास प्रत्येक विहिरीत थोडेफार पाणी किंवा कंडेन्सेट (गॅसमधून गळणारे हलके तेल) वर येत असते. विहीर जोमात असते तेव्हा वेगाने वर जाणारा गॅस ते थेंबांच्या आणि भिंतीवरच्या पातळ थराच्या रूपात सोबत ओढून नेतो. साठ्याचा दाब उतरतो, गॅस कमी येतो, नळी मात्र तेवढीच रुंद राहते. म्हणून गॅसचा वेग उतरतो. एका मर्यादेखाली तो वेग पाण्याला पेलेनासा होतो आणि पाणी मागे सरकू लागते. तळाशी साचलेल्या पाण्याचे वजन परफोरेशनवर पडते, त्याने गॅस आणखी कमी येतो, वेग आणखी उतरतो आणि पाणी आणखी साचते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही.

वेगाची ही मर्यादा काढण्याचे आजही सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र टर्नर, हबर्ड आणि डकलर यांनी १९६९ मध्ये मांडले. कल्पना सोपी आहे. गॅसच्या प्रवाहात टिकू शकणारा सर्वांत मोठा थेंब किती, आणि तो खाली पडू नये म्हणून गॅसचा वेग किती हवा? उत्तर चार गोष्टींवर ठरते: गुरुत्वाकर्षण, पाण्याचा पृष्ठताण, पाण्याची घनता आणि गॅसची घनता. प्रत्यक्ष विहिरींशी मेळ बसावा म्हणून टर्नर यांनी त्यात २० टक्क्यांची वाढ सुचवली होती. पुढे १९९१ मध्ये कोलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वेलहेडचा, म्हणजे विहिरीच्या तोंडाचा, दाब कमी असलेल्या विहिरींना ही वाढ न धरलेले सूत्रच जास्त लागू पडते. आमची विहीर त्याच गटातली.

अलीकडच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. बहुतेक वेळा आधी मागे फिरतो तो थेंब नव्हे, तर नळीच्या भिंतीवरचा पाण्याचा थर. थेंबांवर आधारलेले सूत्र तरीही बऱ्यापैकी बरोबर उत्तर देते, म्हणून ते टिकून आहे. मात्र तिरक्या विहिरींत त्याच्यावर विसंबू नये. तिथे खालच्या बाजूच्या भिंतीवर थर जाड होतो, आणि मध्यम तिरकेपणात पाणी उचलायला उभ्या नळीपेक्षा जास्त वेग लागतो. आमची विहीर उभी होती, म्हणून हा प्रश्न आला नाही.

आता हिशेब. वेलहेडवर १३ बार आणि ३० अंश तापमानाला या गॅसची घनता घनमीटरला सुमारे १० किलो येते. पृष्ठताण ०.०६ न्यूटन प्रति मीटर धरला की मर्यादेचा वेग सेकंदाला ४.८ मीटर निघतो. ६२ मिलिमीटर नळीत हा वेग राखायला प्रमाण स्थितीत मोजलेला दिवसाला सुमारे १५,७०० घनमीटर गॅस लागतो. तळाशी दाब आणि तापमान वेगळे असल्याने तिथला आकडा याहून पाचेक टक्के जास्त भरतो.

विहिरीची उतरती रेघ सांगत होती १४,०००, नळी मागत होती १५,७००. म्हणजे चार दिवसांच्या बंदने विहिरीला आजारी पाडले नव्हते. ती मर्यादेच्या काठावर आलीच होती, बंद पडण्याने तिचा तोल गेला एवढेच. विहीर बंद असताना नळीभर पसरलेले पाणी तळाशी गोळा झाले, आणि उघडल्यावर ते उचलण्याइतका वेग तिच्याजवळ नव्हता.

किती पाणी?

हा प्रश्न मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पूर येतो. अ‍ॅन्युलस उघडा असल्याने उत्तर दोन गेजवरूनच निघते. अ‍ॅन्युलसमध्ये फक्त गॅस, म्हणून केसिंगच्या दाबात गॅसच्या स्तंभाचे वजन मिळवले की तळाचा दाब कळतो. तोच तळ ट्युबिंगच्या बाजूनेही मोजता येतो, आणि दोन्हींत जो फरक पडतो तो नळीतल्या पाण्याचा.

केसिंगचा दाब ३२ बार होता. २,४०० मीटर गॅसस्तंभ धरून तळाचा दाब सुमारे ३८ बार. ट्युबिंगच्या बाजूने १३ बार आणि गॅसस्तंभ मिळून १५.५ बारच्या आत. उरलेले साडेबावीस बार पाण्याचे. खारे पाणी धरले तर ही २२५ मीटर उंची होते, आणि या नळीच्या एका मीटरमध्ये तीन लिटर पाणी मावते. म्हणजे सारे मिळून सुमारे ६८० लिटर. दोनशे लिटरच्या पिंपांत भरायचे तर साडेतीन पिंपेही पुरी भरणार नाहीत, आणि तेवढ्याने विहिरीचे निम्मे उत्पादन अडवले होते.

नळीत हे पाणी सलग स्तंभासारखे उभे नसते. त्यातून गॅसचे बुडबुडे जात असतात, त्यामुळे ते बऱ्याच लांबीवर फेसाळून पसरलेले असते. स्लिकलाइनवर, म्हणजे विहिरीत साधने सोडण्याच्या बारीक तारेवर, गेज सोडून ठिकठिकाणचा दाब मोजला तेव्हा वरच्या भागात दाब गॅससारखा हळूहळू वाढत होता आणि खालच्या भागात त्याचा उतार एकदम बदलत होता. शंका उरली नाही.

साठा संपला की नाही हे ठरवण्यासाठी विहीर बंद करून केसिंगचा दाब चढू दिला. तो ४४ बारवर स्थिरावला, म्हणजे तळाशी साडेबावन्न बार. आता साधे समीकरण: गॅसचे उत्पादन हे साठ्याच्या दाबाचा वर्ग वजा तळाच्या दाबाचा वर्ग याच्या प्रमाणात असते, घातांक १ धरून. तळाचा दाब ३८ असताना ७,५०० मिळतात. पाणी काढून तो १७ वर आणला तर तेच समीकरण १४,००० सांगते. जुनी रेघ नेमकी हाच आकडा दाखवत होती. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आले तेव्हा "साठा संपत आला" हा शेरा खोडायला माझा हात अडखळला नाही.

पाणी आले कुठून, हेही पाहिले. गॅसमध्ये वाफेच्या रूपात असलेले पाणी वर येताना थंड होऊन गळते, आणि साठ्याचा दाब उतरतो तसे दर घनमीटर गॅसमागे वाफेचे प्रमाण वाढते. पण या दाब-तापमानाला हजार घनमीटरमागे दहाएक लिटर एवढाच त्याचा वाटा निघतो. विहीर देत होती दिवसाला १.२ घनमीटर, म्हणजे हजारामागे १६० लिटर. क्लोराइडची तपासणीही खाऱ्या पाण्याकडेच बोट दाखवत होती. हे खडकाच्या थरातले पाणी होते, थांबणारे नव्हते. त्यामुळे एकदा पाणी उपसून काम भागणार नव्हते. रोज काढत राहील अशी सोय हवी होती.

पर्याय, आणि ते का नाकारले

पहिला विचार अरुंद नळीचा. नळी अरुंद केली की त्याच गॅसचा वेग वाढतो. २⅜ इंची ट्युबिंग घातली तर मर्यादा १०,५०० वर येते आणि विहीर स्वतःहून पाणी फेकत राहते. कागदावर हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. पण नळी बदलायची तर वर्कओव्हर रिग (विहीर दुरुस्तीचे यंत्र) आणावी लागते आणि विहीर किल करावी लागते, म्हणजे पाणी ओतून तिचा गॅस दाबून ठेवावा लागतो. २,४०० मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब २३५ बार आणि साठ्यात आहेत ५२. किल करायला ओतलेले पाणी सरळ थरात शिरले असते, आणि एवढ्या कमी दाबाच्या साठ्यातून ते पुन्हा बाहेर ढकलले जाईल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. पाण्याने अडलेल्या विहिरीत आणखी पाणी ओतायचा हा मार्ग मला पटला नाही. अशा विहिरी वर्कओव्हरनंतर कायमच्या गप्प होण्याचा धोका खरा असतो.

विहीर चालू ठेवूनच आत कॉइल्ड ट्युबिंग, म्हणजे रिळावर गुंडाळलेली अखंड बारीक नळी, लटकवता येते. ३८ मिलिमीटर आतला व्यास असलेल्या नळीत मर्यादा ५,९०० वर उतरते. पण २,४०० मीटर अरुंद नळीत घर्षणात सातेक बार जातात. शिवाय एकदा ती बसवली की पुढे तिच्यातून दुसरे काही करणे अवघड. पर्याय वाईट नव्हता, घाईचा होता.

वेलहेडवर कंप्रेसर बसवून दाब १३ वरून ५ बारवर आणला तर मर्यादेचे उत्पादन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटून ९,७०० च्या आसपास येते, आणि तळाचा दाब उतरल्याने विहीर १५,००० पर्यंत देऊ शकते. उत्पादनाच्या दृष्टीने हा सर्वांत उजवा पर्याय. पण एका विहिरीसाठी अखंड चालणारे यंत्र, त्याचे इंधन आणि देखभाल हा भार मोठा. तो बाद केला नाही, पुढे ढकलला.

फोमर वेगळ्या वाटेने काम करतो. साबणासारखे रसायन पाण्याचा पृष्ठताण उतरवते आणि पाण्याचा हलका फेस करते. पृष्ठताण सूत्रात चौथ्या मुळात येतो, त्यामुळे तो एकतृतीयांश केला तरी मर्यादेचा वेग फक्त चोवीसएक टक्क्यांनी उतरतो. खरा फायदा फेसाच्या हलकेपणात आहे. कंडेन्सेटचे प्रमाण जास्त असले की फेस नीट धरत नाही आणि खारटपणाही आड येतो, म्हणून आधी विहिरीचेच पाणी बाटलीत घेऊन फोमर चाचपून पाहिला. या विहिरीत कंडेन्सेट नगण्य होते. पुढची साधने येईपर्यंत साबणाच्या कांड्या ट्युबिंगमधून सोडल्या आणि विहीर सावरली. हवेत सोडणे त्याच आठवड्यात थांबले, याचे मला फार समाधान आहे. मात्र सेपरेटरमध्ये फेस चढू लागला, त्याला फेसनाशक द्यावे लागले. रोज रसायन घालत राहणे हा कायमचा मार्ग म्हणून कुणालाच नको होता.

उरला प्लंजर लिफ्ट. ट्युबिंगमध्ये सैलसर बसणारा एक धातूचा दट्ट्या. विहीर बंद केली की तो स्वतःच्या वजनाने तळाच्या स्प्रिंगपर्यंत पडतो. बंद असताना अ‍ॅन्युलसमध्ये दाब साठतो. झडप उघडली की तो साठलेला गॅस दट्ट्याला वर ढकलतो आणि दट्ट्यावरचे पाणी सलग गोळ्यासारखे वर येते. नुसत्या गॅसला पाण्यातून वाट काढता येते, दट्ट्यामुळे ती वाट बंद होते. बाहेरून ऊर्जा लागत नाही. विहिरीचीच ऊर्जा, थोडा विसावा देऊन गोळा केलेली.

हा पर्याय बसतो का, याची ढोबळ कसोटी अशी: दर हजार मीटर खोलीला, एक घनमीटर पाण्यामागे सुमारे २३३ घनमीटर गॅस हवा. आपल्या खोलीला ५६०. विहिरीजवळ होते ६,२५०. प्लंजरसाठी ही विहीर जणू घडवलेलीच होती: अ‍ॅन्युलस उघडा, टोक योग्य जागी आणि गॅस भरपूर.

बसवताना काय चुकले

प्लंजर टाकण्याआधी नळी आरपार मोकळी आहे का हे पाहावेच लागते. स्लिकलाइनवर गेज रिंग (नळीची रुंदी तपासणारे कडे) सोडली आणि ती १,१४० मीटरवर अडकली. क्षारांचा थर होता. गेज कटरने तो खरवडून काढायला आणि पुन्हा तपासायला दोन दिवस गेले. ही तपासणी टाळून प्लंजर टाकला असता तर तो तिथेच रुतून बसला असता आणि आज हे प्रकरण वेगळ्या शीर्षकाने लिहावे लागले असते.

मग तळाची स्प्रिंग, वर लुब्रिकेटर (वर आलेला प्लंजर झेलणारी नळी) आणि कॅचर (तो धरून ठेवणारी पकड), प्लंजर आल्याची खूण घेणारा सेन्सर, मोटर व्हॉल्व्ह, म्हणजे आपोआप उघडणारी-मिटणारी झडप, आणि त्याला चालवणारा कंट्रोलर. बसवण्यात अडचण आली नाही, वेळ लावण्यात आली.

पहिली चूक माझी. मी बंद ठेवण्याची वेळ २५ मिनिटे लावली. आमच्या प्रकारचा प्लंजर गॅसमधून मिनिटाला सुमारे ७५ मीटर पडतो, म्हणजे २,४०० मीटरला ३२ मिनिटे, पाण्यातून तर आणखी हळू. घाईत मी दुसऱ्या प्रकारच्या प्लंजरचा वेग धरला होता. झडप उघडली तेव्हा तो वाटेतच होता, पाण्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. डोक्यावर भार नसलेला प्लंजर चार मिनिटांत वर आला आणि लुब्रिकेटरवर असा आदळला की वेलहेड हादरल्याचे लांबून जाणवले. चढण्याचा वेग मिनिटाला २३० मीटरच्या आसपास असावा. ३०० च्या वर गेला की साधनांवर घाव पडायला लागतात. कोरडा प्लंजर धोकादायक असतो. त्या क्षणी वेलहेडजवळ कुणी नव्हते, आणि तेव्हापासून झडप उघडण्याच्या वेळी तिथे कुणी थांबायचे नाही हा नियम लेखी केला.

दुसरी चूक उलट दिशेची. आदळण्याच्या धास्तीने बंदची वेळ वाढवली ते ठीक, पण प्लंजर वर आल्यावर गॅस चालू ठेवण्याची वेळही हावरेपणाने वाढवली. गॅस येतो आहे तर येऊ द्या, असे वाटते. त्या वाढीव तासात वेग मर्यादेखाली गेलेला असतो आणि तळाशी पाणी साचत असते. पुढच्या फेरीला पाण्याचा गोळा इतका मोठा झाला की प्लंजर आलाच नाही. सलग तीन फेऱ्या तसेच. शेवटी विहीर चोवीस तास बंद ठेवली, केसिंगचा दाब चढू दिला, तेव्हा कुठे तो पाण्यासकट वर आला.

इथून आम्ही घड्याळ सोडले आणि केसिंगच्या गेजकडे पाहायला लागलो. गॅस चालू असताना केसिंगचा दाब उतरत जातो, तळाला टेकतो आणि एका क्षणी पुन्हा चढू लागतो. चढणे सुरू झाले म्हणजे ट्युबिंगमध्ये पाणी साचू लागले. झडप बंद करायची ती त्या वळणावर. उघडायची कधी, हेही गेजच सांगतात. केसिंग आणि ट्युबिंग यांच्या दाबातला फरक म्हणजे पाण्याच्या गोळ्याचे वजन. केसिंग आणि बाहेरची पाइपलाइन (लाइन) यांच्या दाबातला फरक म्हणजे ढकलायला असलेला जोर. पहिला दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असला पाहिजे.

आठवडाभराने बसलेली फेरी अशी. ४० मिनिटे बंद. त्या वेळात केसिंग २० वरून ३३ बारवर, ट्युबिंग २७ वर. पाणी ६ बारचे, जोर २० बारचा, गुणोत्तर ०.३. उघडल्यावर प्लंजर साडेदहा-अकरा मिनिटांत वर, सोबत १८० लिटरच्या आत पाणी. पुढे सुमारे दीड तास गॅस, मग पुन्हा बंद. दिवसाला दहा फेऱ्या. अ‍ॅन्युलसमध्ये १९ घनमीटर जागा आहे, ट्युबिंगमध्ये सव्वासात. एवढ्या मोठ्या पोकळीत तेरा बार चढले की नळी गॅसने भरून दट्ट्या वर आणायला पुरतात, थोडे उरतातही.

आज कुठे आहे

उत्पादन सरासरी ११,००० घनमीटरवर स्थिरावले. १४,००० नाही, आणि तसे वचन मी दिलेही नव्हते. बंद ठेवण्याच्या वेळात केसिंगचा दाब चढलेला असतो, तळाचा सरासरी दाब २९ बारच्या आसपास राहतो, आणि त्याच समीकरणाने अकरा हजारांच्या जवळचाच आकडा निघतो. उरलेले तीन हजार हवे असतील तर वेलहेडचा दाब उतरवावा लागेल, म्हणजे कंप्रेसर. शेजारच्या दोन विहिरींचीही तीच अवस्था होत चालली आहे. तिघींमध्ये एक यंत्र बसवता येईल का, याचा हिशेब सध्या चालू आहे. कंप्रेसर आला तरी प्लंजर काढायचा नाही. दोन्ही एकत्र चांगले चालतात.

प्लंजर झिजतो. आमच्या विहिरीत क्षारांमुळे जास्तच. झिजला की त्याच्या कडेने गॅस निसटतो, चढायला वेळ जास्त लागतो, आणि पाणी परत गळते. म्हणून कंट्रोलरवर दर फेरीची पोहोचण्याची वेळ नोंदली जाते आणि ती सलग काही फेऱ्या तेरा मिनिटांच्या वर गेली की प्लंजर कॅचरमध्ये धरून बाहेर काढतात, व्यास मोजतात. पहिला प्लंजर तसाच बदलला.

साठ्याचा दाब असाच उतरत राहील आणि चाळीस मिनिटांत तेरा बार चढायचे थांबेल. तेव्हा बंदची वेळ वाढवावी लागेल, फेऱ्या कमी होतील, आणि शेवटी विहिरीची स्वतःची ऊर्जा पुरणार नाही. त्या टप्प्याला बाहेरून ऊर्जा देणारे काही, बहुधा सकर रॉड पंप (वरून दांड्यांनी चालवला जाणारा पंप), लागेल. ते अजून लांब आहे.

पाळीवरच्या वहीत आता "सोडली" हा शब्द येत नाही. प्रत्येक फेरीला दोनच रकाने असतात, किती मिनिटांत आला आणि किती पाणी आणले. फायलीतला तो जुना शेरा मी तसाच ठेवला आहे. त्याच्याखाली तारीख घालून दाबाचे तीन आकडे लिहिले: ३२, १३, ४४.